बंद गायरानातली फुलं

गणपती गेले की आमच्या धंद्यात चिडीचूप होतं. पितरांच्या पंधरवड्यात ना लग्न, ना वास्तुशांत, ना दुकानाचं उद्घाटन. फुलांना कुत्रं विचारत नाही. मखमलाबादच्या बाजूला आमची शेवंती आणि झेंडूची शेती आहे. दसऱ्याच्या झेंडूची धावपळ सुरू होईपर्यंतचे हे दिवस वर्षभरातले माझे एकमेव हक्काचे दिवस, आणि दरवर्षी मी ते झोपून काढते. यंदा भाचीने काढू दिले नाहीत.

भाची म्हणजे ऋतुजा, माझ्या बहिणीची मुलगी. गंगापूर रोडला राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टी मिळाली की डोंगरावर जाऊन गवत मोजते. हो, गवत. मी जन्मभर निंदणीच्या बायकांबरोबर बसून गवत उपटत आले आणि आमच्याच घरातली शिकली-सवरलेली मुलगी त्या गवताच्या जाती मोजायला पदरचं पेट्रोल जाळते. म्हणतात ना, ज्याचं त्याला प्यारं.

"मावशी, माझ्याबरोबर येणाऱ्या मुलीचा पाय मुरगळलाय," तिचा फोन आला. "तीन दिवस चल. चौकट धरायला कुणीतरी पाहिजे."

"कसली चौकट?"

"पाइपांचा चौकोन. तो गवतावर ठेवायचा आणि आत किती प्रकारची झाडं आहेत ते मी बघायचं."

"आणि मी?"

"तू पलीकडचं टोक धरायचं. तोंड बंद ठेवलंस तर फार बरं."

दुसरी अट अवघड होती, पण गेले. ज्या गावाला गेलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्याच रविवारी निम्मं नाशिक तिथे मोबाईल घेऊन फुलांत लोळायला जाईल. घोटीच्या पलीकडे, सह्याद्रीच्या अंगाला, भाताच्या खाचरांच्या वर एक सपाट पठार आहे आणि त्याच्या पायथ्याशी एक गाव आहे, एवढं पुरे.

घोटी

घोटीला हायवे सोडला की भाताच्या गिरण्यांचा कोंडा-मिश्रित वास येतो. मला तो आवडतो. आमच्याकडे फुलांच्या लिलावात जो सडक्या पाकळ्यांचा वास असतो त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. चहाला थांबलो तेव्हा ऋतुजाने सगळा मामला सांगितला.

तीन पावसाळ्यांपूर्वी तिनेच त्या गावाला सल्ला दिला होता की पठारावरचा अर्धा भाग गुरांना बंद करा. गुरांनी चरून चरून तो पार खरवडला होता आणि तिथली फुलं कमी होत चालली होती. गावाने ऐकलं. गायरान बंद झालं. आता ती शेवटची मोजणी करणार होती, आणि रविवारी गावाच्या बैठकीत तिला उत्तर द्यायचं होतं. गायरान बंदच ठेवायचं की उघडायचं?

"ठेवा बंद, त्यात काय," मी म्हणाले. "फुलं पाहिजेत तर गुरं बाहेर. आम्ही नाही का कुंपण घालत?"

"आपण जिच्या घरी उतरणार आहोत ना, तिच्यासमोर एवढ्या जोरात बोलू नकोस."

तिच्या घरी म्हणजे हौसाबाईंच्या घरी. त्यांच्याकडे डांगी गाईंचा कळप. डांगी म्हणजे या घाटमाथ्याची जात, अंगावर काळे-पांढरे ठिपके, कातडी तेलकट, कितीही पाऊस पडला तरी तक्रार नाही. गायरान बंद झाल्यापासून हौसाबाई त्यांना कुठे कुठे चारत होत्या. वरच्या उरलेल्या अर्ध्यात सगळ्या गावाची गुरं, खाली सगळीकडे भात उभा, रस्त्याच्या कडेला धूळ आणि प्लॅस्टिक. आता त्या थकल्या होत्या. गायरान उघडलं नाही तर सोमवारी व्यापारी टेम्पो घेऊन येणार आणि सगळा कळप जाणार, असं ठरलं होतं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि कुंपणाचं नाव पुन्हा काढलं नाही. ऋतुजाला तेवढंच समाधान.

शुक्रवार, हौसाबाईंचं अंगण

हौसाबाई पन्नाशीपुढच्या, सडपातळ, उजव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. मला पाहिल्यावर त्यांनी आधी पायाकडे पाहिलं. "ताई, ह्या चपला घालून वर चढणार? मंग झालंच." आणि स्वतःच्या सुनेचे जुने बूट काढून दिले. सून इथे राहत नाही. मुलगा रोहिदास अंबडला कंपनीत आहे, तिथेच तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय.

"तो म्हनतो, आई, इक आन इकडं ये," त्या भाकरी थापता थापता सांगत होत्या. "मागल्या साली वर खडकावरनं घसरले. गुडघा तव्हापासून असा. त्याचं बी बराबर हाय. पन तिकडं मी करू काय? ग्यालरीत उभी राहून रिक्षा मोजू?"

नागलीची भाकरी, उडदाचं घुटं, खुरासणीची चटणी आणि ताक. आमच्याकडे नागली कुणाचं दुखलं-खुपलं की आंबिलीपुरती निघते. इथे ती रोजच्या ताटात, आणि ताटाला उगाच आजारपणाचा वास नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं, कारण दुसऱ्या दिवशी चढ होता.

जेवून हात धुवायला अंगणात गेले तर खांद्यावरची ओढणी मागून कुणीतरी ओढली. वळून पाहिलं तर एक तरणी कालवड माझ्या ओढणीचा काठ शांतपणे चावत होती. हिसकली तर तिनेही हिसकली.

"बांडे! सोड!" हौसाबाई ओरडल्या. "ही लय खोडील हाय, ताई. हिला दुसऱ्याचंच गोड लागतं."

ओढणी मिळाली, पण काठ अर्धा गेला. बांडीने मला एकदा नीट न्याहाळलं आणि रवंथ करायला बसली.

शनिवार, पठार

वर चढायला जितका वेळ लागतो असं ऋतुजाने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट लागला, आणि तो माझ्या भाकऱ्यांनी घेतला. पण वर पोहोचले आणि सगळं विसरले.

पठाराच्या मधोमध एक कमरेएवढा दगडी बांध आडवा गेला आहे. बांधाच्या अलीकडे गुरांना मोकळीक, पलीकडे बंद. माझी खात्री होती की अलीकडे उजाड माळ आणि पलीकडे रंगांची रांगोळी दिसणार. पलीकडे पाहिलं तर नुसतं हिरवं. छातीएवढं गवत, वाऱ्याबरोबर लवणारं. फूल म्हणून औषधालाही नाही. आणि अलीकडे, जिथे शेण पडलेलं, खुरांनी चिखल झालेला, तिथे सोनकीची पिवळी फुलं, मधूनच पांढऱ्या गेंदाच्या बोंडांचे पुंजके, आणि एका पाणथळ खळग्यात सीतेची आसवं, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी.

"तू बांधाच्या दोन बाजू उलट्या सांगितल्यास का?" मी विचारलं.

ऋतुजा हसली नाही. तिने पाइपांचा चौकोन जोडला आणि आम्ही कामाला लागलो.

काम सोपं दिसतं. चौकोन ठेवायचा, गुडघ्यावर बसायचं, आणि आत जे जे उगवलंय ते वेगळं वेगळं ओळखायचं. पहिल्या चौकोनात मला तीन झाडं दिसली: गवत, दुसरं गवत आणि माझ्या बुटाला चिकटलेलं गवत. ऋतुजा बोटांनी पाती बाजूला सारत एकेक दाखवत गेली. हे आभाळी, ह्याच्या पुंकेसरांना निळे केस. हा कवला, याच्या पानांना हात लावला की मिटतात. ही तर बारीक तेरड्याची बहीण. तळहाताएवढ्या जागेत एवढी गर्दी! आमच्या वाफ्यात मी एका शेवंतीसाठी बाकी सगळ्यांना हाकलते आणि त्याला शेती म्हणते. इथे कुणीच कुणाला हाकललेलं नव्हतं, आणि मला ते विचित्र वाटलं, थोडं हेवा वाटण्यासारखंही.

मग बांधाच्या आत गेलो. तिथे चौकोन गवतावर ठेवला तर तो वरच राहिला, तरंगत. खाली दाबला तर मागच्या वर्षीच्या वाळक्या गवताची गादी लागली. ती उचलली तर खाली ओली काळी माती आणि दोन-तीन फिकट, लांबट रोपं, उजेड शोधत वाकडी झालेली. पुढे जायला म्हणून मी पाय टाकला आणि सरळ मांडीपर्यंत खड्ड्यात गेले. गवताने झाकलेला. ऋतुजाने आधी चौकोन वाचवला, मग मला.

"असं का झालं?" चिखल पुसत मी विचारलं. "बंद करून फुलं यायला हवी होती ना?"

"आली होती," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी इतकी आली की गावाने पेढे वाटले. गुरांचा ताण गेला, सगळं वर आलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात पाऊस गायब झाला, आठवतंय? तुमच्या झेंडूला टँकर आणलात ते वर्ष. तेव्हा बाहेरची जमीन करपून गेली. आत मात्र वाळक्या गवताखाली ओल टिकली आणि लहान झाडं वाचली. तेव्हा मला वाटलं, सापडलं उत्तर. बंदच ठेवायचं. आणि यंदा पाऊस जूनपासून थांबायलाच तयार नाही. उंच गवताला तेच हवं असतं. ते वाढलं, खाणारं कुणी नाही, आणि त्याने बाकीच्यांचा उजेड खाल्ला."

"म्हणजे गाय ही निंदणारी बाई झाली."

"अगदी तशी नाही. निंदणारी बाई शेवंती सोडून गवत उपटते. गाय तिला आवडेल ते खाते, आणि मागून कुणी थांबवलं नाही तर सगळंच खाते. पण तिला उंच, रसाळ गवत आधी आवडतं, हे त्या बारक्या फुलांचं नशीब."

"मग कोरड्या वर्षी तीच गाय नको आणि ओल्या वर्षी तीच हवी?"

"तेच तर. आणि वर्ष कोरडं निघणार की ओलं, हे आता ढगांनाही आधी माहीत नसतं."

मला हे ऐकून फार मजा वाटली. शाळेत विज्ञानाचं उत्तर म्हणजे एक ओळ, खाली दोन रेघा. इथे उत्तर पावसावर अवलंबून. पण ऋतुजाचा चेहरा मजेचा नव्हता. तिला उद्या गावासमोर उभं राहायचं होतं, आणि गावाला 'बंद' किंवा 'उघडं' यांतला एकच शब्द हवा होता.

दुपारनंतर आम्ही बंद भागाच्या पार दूरच्या कोपऱ्यात गेलो. तिथे बांध थोडा ढासळलेला. आणि त्या कोपऱ्यात चौकोन टाकला मात्र, ऋतुजा मातीला नाक टेकेपर्यंत वाकली. मोजत राहिली. दुसरा टाकला, तिसरा टाकला. बाहेर मोकळ्या भागात जेवढे प्रकार होते त्यांच्यापेक्षा इथे कितीतरी जास्त. गवत होतं, पण गुडघ्याखाली. मधून मधून आभाळी, गेंद, सोनकी, आणि एक हिरवट पांढरी आमरी, ऑर्किडची जात, जी तिला यंदा कुठेच सापडली नव्हती. ती आमरीपुढे चिखलात पालथी पडली, लहान मुलासारखी.

मी मात्र दुसरंच पाहत होते. "ऋतू, हे शेण आहे."

वाळलेलं एक, ताजं एक. बंद गायरानात.

संध्याकाळी खाली आल्यावर मी आपली सहज म्हणाले, "वरच्या कोपऱ्यात कुणाचं तरी जनावर जातं वाटतं." हौसाबाईंनी हातातली चरवी खाली ठेवली. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"बांडी," त्या हळू म्हणाल्या. "सगळ्या ऐकत्यात, ही नाय ऐकत. कवा नजर चुकली की त्या पडक्या जागंतून आत. येकटीच. मी जाऊन हाकलून आनते. आन दर टायमाला वाघदेवापुढं नारळ फोडते. किती नारळ झाले ते इचारू नका, ताई. हिला इकली तरी तेवढं निघायचं नाय."

"नारळ कशाला?"

तेव्हा कळलं की गायरान बंद झालं ते नुसत्या ठरावाने नव्हे. या बाजूला गुरांचा राखणदार वाघदेव. त्याचा शेंदूर लावलेला दगड बांधातल्या गुरांच्या वाटेपाशी आहे. बंदीच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घराने एकेक दगड आणून ती वाट बुजवली, दगडाला कुंकू लावलं आणि वाघदेवाची आण घेतली. ज्याचा दगड त्यानेच उचलल्याशिवाय कुणाचंही जनावर आत जाणार नाही, अशी. पहिला दगड हौसाबाईंनी ठेवला होता.

"पोरी," त्या ऋतुजाला म्हणाल्या, "उद्या हे सांगावं लागंल का?"

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. सगळा पुरावा त्या एका कोपऱ्यात होता. हलकी, थोडकी चराई असली की यंदासारख्या ओल्या वर्षात किती प्रकार टिकतात हे दाखवणारी दुसरी जागाच नव्हती. ती म्हणाली, "हौसाबाई, मी कुणाचं नाव नाही घेणार." हौसाबाईंनी मान हलवली, पण त्या नीट जेवल्या नाहीत.

रविवार, मारुतीचा ओटा

बैठक मारुतीच्या ओट्यावर. आमच्याकडे सोसायटीची बैठक म्हणजे पार्किंगवरून भांडण आणि शेवटी समोसे. इथे आधी चहा झाला आणि भांडण नंतर, हा क्रम मला जास्त पटला. मधोमध धोंडूबाबा बसले होते, गावचे जुने कारभारी, ऐकू कमी येतं पण चालतं सगळं त्यांच्या शब्दावर.

ऋतुजा उभी राहिली. जे मला पठारावर सांगितलं तेच तिने सांगितलं, आणखी सोप्या शब्दांत. "तीन वर्षांपूर्वी मी बंद करा म्हणाले. तेव्हा ते बरोबर होतं. यंदा नाही. पुढच्या वर्षीचं आत्ता मला सांगता येणार नाही. पोळ्यानंतर दरवर्षी वर जाऊन गवत बघायचं, पाऊस बघायचा आणि ठरवायचं. यंदा थोडी गुरं, थोडे दिवस, आत सोडायला हवीत."

कुजबुज झाली. संपत नावाचा एक तरुण उठला. फुलांच्या दिवसांत तो रस्त्यावर भज्यांची गाडी लावतो. "म्याडम, फुलं बघायला लोकं येत्यात ती बंद हाय म्हनून. गुरं घातली तर लोकं शेण बघायला येतील का?"

"यंदा आत फुलं आहेत का, संपतभाऊ?" ऋतुजाने विचारलं. "तुमची गाडी यंदा चालली?"

गाडी चालली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण लगेच त्याने दुसरी बाजू पकडली. "मंग पावसानं फुलं गेली आसतील. गाय सोडली तर येतील हे कशावरनं?"

"एका कोपऱ्यात थोडी चराई झाली आहे. तिथे सगळ्यात जास्त प्रकार सापडले."

हे बोलून ती थांबली, आणि मला कळलं की आता काय होणार. "थोडी चराई?" कुणीतरी मागून म्हणालं. "बंद हाय ना गायरान? कुनी चारलं?"

संपत सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. ऋतुजा म्हणाली, "ते महत्त्वाचं नाही," आणि हातातले कागद उगाच चाळले. मला तिची इतकी दया आली की माझंच नाव सांगावंसं वाटलं. माझ्याकडे गाय असती तर सांगितलंही असतं.

हौसाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"माझी बांडी," त्या म्हणाल्या. "म्या आण मोडली नाय, पन तिनं मोडली. माझंच जनावर. काय दंड लावायचा तो लावा."

धोंडूबाबांना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं. ते बराच वेळ काठीने ओट्यावर रेघा ओढत राहिले. मग विचारलं, "कितींदा गेली?"

"लय येळा."

"आन फुलं तिथंच?" हा प्रश्न ऋतुजाला होता. तिने मान हलवली. बाबांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकला आला, पण ते हसत होते. "म्हंजी आपुन सगळी बंद करून बसलो, आन गायरान राखायचं वाघदेवाचं काम त्या कालवडीनं केलं."

ओटा हसला. संपतसुद्धा. पण बाबांनी हात वर केला. "गायरानाची वाट आजच मोकळी करू. पन दंड दंडाच्या जागी. हौसा, वाघबारशीच्या खिरीला औंदा सगळ्या गावाचं दूध तुझं."

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवसांतली बारस. त्या दिवशी गुराखी वाघदेवाला खिरीचा नैवेद्य दाखवतात आणि गाव पंगतीला बसतं. मला ते समजायला एक क्षण लागला. वाघबारशीपर्यंत दूध द्यायचं तर वाघबारशीपर्यंत गाई हव्यात. म्हाताऱ्याने दंड लावता लावता टेम्पो परत पाठवला होता. हौसाबाईंना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पन पितरपाट चाललाय, बाबा," कुणीतरी शंका काढली. "या दिसांत नवं काय सुरू करत्यात का?"

"पितरपाटात गाईला घास काढतोस का नाय घरी?" बाबा म्हणाले. "मंग? ह्यो मोठा घास समज."

रविवार, बांधापाशी

दुपारी सगळं गाव वर गेलं. एकेका घरातला माणूस पुढे व्हायचा, वाघदेवाला हात जोडायचा, वाटेतला आपला दगड उचलायचा आणि घेऊन बाजूला व्हायचा. दगड आपापल्या घरी न्यायचे, दाराशी ठेवायचे, पुन्हा बंदी आली की आणायचे, अशी पद्धत. तीन पावसाळे झाले तरी प्रत्येकाला स्वतःचा दगड बरोबर ओळखू येत होता. आमच्याकडे लोकांना स्वतःच्या चपला देवळाबाहेर ओळखू येत नाहीत.

वाट मोकळी होत आली. शेवटी एक दगड उरला, टरबुजाएवढा. हौसाबाईंच्या गाई पाठीमागे उभ्या होत्या, बांडी सगळ्यात पुढे. पण हौसाबाई हलल्या नाहीत.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"रोहिदासाचा. त्याचं घर येगळं झालं व्हतं तव्हा. त्याची आण त्याला."

"गाय सहज ओलांडून जाईल, हौसाबाई."

"जाईल की. बांडी तर उडीच मारील." त्या हसल्या आणि पुन्हा गंभीर झाल्या. "पन आत्ताच तर दंड लावून घेतला, ताई."

ऋतुजाच्या फोनवरून रोहिदासला फोन लावला. त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "आई, मी शिफ्टला हाय. आन मी दगड उचलायला येऊ, म्हंजे तू पुन्हा वर चढायला मोकळी? पडलीस तर कोन हाय तिथं? मी तुला सांगून सांगून थकलो." फोन बंद झाला.

आम्ही दुपारनंतर निघणार होतो. थांबलो. गाव हळूहळू खाली गेलं, भाताला पाणी बघायचं होतं. हौसाबाई त्या दगडाशेजारी बसून राहिल्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या बाजूने मला त्या गाई हव्या होत्या, आणि तो फडकं बांधलेला गुडघा पाहिला की मुलाचंही पटत होतं. दोघांतलं कुणी चुकतंय असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा खालून मोटारसायकलचा आवाज आला, मग बंद झाला. बऱ्याच वेळाने एक माणूस चढून आला, कंपनीचा निळा शर्ट अंगात, गळ्यात ओळखपत्र तसंच. आईशी बोलण्याआधी त्याने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"एकटीच चढलीस ना?"

"सगळं गाव व्हतं."

"उतरताना कोन हाय?"

"तू हायस की आता."

रोहिदास वाघदेवापुढे उभा राहिला, हात जोडले, खाली वाकला आणि दगड उचलला. गाई लगेच हलल्या नाहीत. इतक्या दिवसांत त्यांना त्या वाटेवरून हाकलूनच दिलं होतं. त्या थबकून हौसाबाईंकडे बघत राहिल्या, चुकलं तर मार बसेल अशा. बांडीला मात्र असले संकोच नव्हते. ती गेली, आणि मग एकेक करून बाकीच्या, उंच गवतात शिरत, नुसत्या पाठी आणि शिंगं दिसेपर्यंत. ऋतुजा बांधावर कोपर टेकून डोळे पुसत होती.

रोहिदास दगड छातीशी धरून उभा होता. "हा मी कुठं नेऊ?"

"तुझ्या घरी," हौसाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर. तुझं घर तिथं हाय."

"आन तू?"

त्यांनी हाताने पलीकडे दाखवलं, गवतातून पुढे पुढे चाललेल्या त्या ठिपकेदार पाठींकडे. "माझं घर ते काय, आत चाललंय."

त्याने दगड एका हाताने खांद्यावर धरला आणि दुसरा हात आईला उठायला पुढे केला.

"वाघबारशीला दोन दिस सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "सगळ्या गावाचं दूध तू येकटी कशी काढशील?"